दहाव्याच्या ग्रुपवर आनंदाची बातमी

माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, आणि त्यातली निदान तीस वर्षं चौकातल्या फ्लेक्सना हसण्यात गेली होती. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केल्यानं माझं एक मत झालं होतं, की जी पुस्तकं फार हाका मारतात ती कुणी वाचत नाही. जी मारत नाहीत तीही कुणी वाचत नाही, हे प्रकाशकांनी सांगितलं.

"मॅडम, तुम्ही सांगितल्याशिवाय लोकांना कळणार कसं? फोनमध्ये ग्रुप किती तुमच्या?"

मोजले. एक्केचाळीस.

"मग टाका की सगळीकडे. लाजताय काय?"

लाजत नव्हते, घाबरत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी सातला स्वतःची कविता टाकतात. आम्ही सगळ्यांनी त्यांना म्यूट केलंय, आणि लिफ्टमध्ये भेटले की "आजची छान होती हं" असं सांगतो. उद्या लिफ्टमध्ये मला कोण काय सांगेल, या विचारानं तीन दिवस मजकूर अडला. शेवटी जमला तो असा : 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की...' हेच वाक्य लग्नपत्रिकांवर दिसलं की मी नाक मुरडत असे. सोबत पुस्तक छातीशी धरून हसणारा माझा फोटो.

फोन एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवू देतो. दुपारी चहा घेत पाच-पाच करत बसले. पहिल्या पाचांची नावं नीट वाचून पाठवलं. सातव्या खेपेला मी नावंही वाचत नव्हते, नुसता अंगठा चालला होता.

आमच्या नाशिकात माणूस गेला की घरचं कुणीतरी ग्रुप काढतं. दहावा कधी, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, किती वाजता जमायचं, तेरावा कोणत्या हॉलमध्ये, हे कळवायला. दहावा होतो, तेरावा होतो, ग्रुप मात्र तसाच राहतो. त्यातून आधी बाहेर पडणं कुणालाच बरं दिसत नाही. माझ्या मैत्रिणीचे यजमान दहा महिन्यांपूर्वी गेले. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झालेली. त्यांच्या ग्रुपवर त्यांचाच फोटो होता, आणि आता त्या फोटोखाली मला अत्यंत आनंद होत होता.

मेसेजवर बोट दाबून धरलं, डिलीट केलं, आणि मग लक्षात आलं की तो सगळ्यांसाठी नाही, फक्त माझ्यापुरता डिलीट केलाय. म्हणजे आता तो सगळ्यांना दिसत होता, मलाच तेवढा नाही. कुणी वाचला, कुणी नाही, तेही कळायची सोय मी स्वतःच्या हातानं घालवली होती. फोन तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. लायब्ररीत वीस वर्षं आम्ही दोघी एका टेबलावर बसलो होतो, एका डब्यातलं खाल्लं होतं. दहा मिनिटांनी फोन सुलटा केला तर तिनं मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

फोन करायचा धीर झाला नाही. पुस्तक पर्समध्ये घातलं, काढलं, पुन्हा घातलं, शेवटी टीपॉयवर ठेवलं. माफी मागायला जाताना सोबत माल नेऊ नये, एवढी अक्कल शिल्लक होती. इंदिरानगरला तिच्या घरापर्यंत रिक्षात वाक्यं जुळवत होते. तिनं दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

"फोन करायचास की."

"घाबरले."

"मला?"

"हो."

"घाबरायलाच हवं. दहा महिन्यांत तो ग्रुप वाजला नव्हता गं. एकदम ह्यांचा फोटो वर आला. मला वाटलं... काय वाटलं कोण जाणे. उघडून बघते तर तू. दात काढून उभी."

मी चपलेकडे बघत राहिले. "काढलंस ना मला."

"ग्रुपमधून काढलंय. दारातून अजून नाही. ये आत."

बसले. चहाचं आधण ठेवून ती आली. "त्यावर माझ्या जाऊबाईंनी अंगठा दिलाय. आणि ह्यांच्या कारखान्यातले एक जण खाली लिहितात, भावपूर्ण श्रद्धांजली."

"माझ्या पुस्तकाला?"

"वाचतंय कोण!"

ती हसली, मग मी हसायचं धाडस केलं. पण तिचं हसू लवकर संपलं.

"सगळीकडे टाकलंस. मला नाही लिहिलंस. तुझं एकेक टिपण आधी मी वाचलंय, आणि पुस्तक आलेलं मला ह्यांच्या दहाव्याच्या ग्रुपवर कळावं?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही तर ते कुणा एकाचं म्हणणं नसतं. ती गप्प राहिली असती, तर मात्र ते तिचं म्हणणं झालं असतं. म्हणून तिलाच टाळलं होतं.

"आता लिही," ती म्हणाली. "इथेच बसून. मला एकटीला."

लिहिलं. पाठवण्याआधी वरचं नाव तीनदा वाचलं. 'पुस्तक आलंय. तू वाचावंस असं वाटतं. आवडलं नाही तरी सांग.' समोर टेबलावर तिचा फोन वाजला. तिनं सावकाश चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला आणि गॅस बंद करायला आत गेली.

"आणलंयस का?" आतून आवाज आला.

"नाही."

"कमाल आहे बाई तुझी! सगळ्या जगाला दाखवलंस आणि इथे हात हलवत आलीस? चहा पी आणि जा, घेऊन ये."

चहा पिऊन परत रिक्षात बसले. जिवावरचं टळलं होतं, तरी रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं. तिनं कधी माझ्या टिपणालासुद्धा उगीच छान म्हटलेलं नाही, आणि आता ती ते पुस्तक खरंच वाचणार होती.