दादासाहेब खाकरले तेव्हा

आनंदीबाईंनी जन्मात तोंडाला रंग लावला नाही. पण त्या हिवाळ्यात इंदूरच्या एका कॉलेजच्या छोट्याशा रंगमंचावर जी तीन नाटकं झाली, ती त्यांच्यामुळे झाली. कुणाला पटत नसेल तर त्यानं आधी पुढचं ऐकावं आणि मग खुशाल वाद घालावा.

मध्यभारत राज्य झालं, संस्थानचा रिसाला मोडला आणि घोड्यावरून हुकूम सोडणारे जयसिंगराव पेन्शन घेऊन घरी बसले. हुकमाची सवय मात्र पेन्शनीत निघाली नाही. सगळं घर त्यांना दादासाहेब म्हणे. धाकटे भाऊ कृष्णराव कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब गाय. आनंदीबाई त्यांची बायको. घराण्याची रीत अशी, की धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही. बोलायची तर बातच सोडा. दादासाहेब आत येण्यापूर्वी दारात खाकरत, की बायका पदर सावरून स्वयंपाकघरात पळत. लग्नाला वीस वर्षं झाली तरी आनंदीबाईंना दिराचे जोडे ओळखू येत, चेहरा काही नीट आठवत नसे.

अशा घरातली त्यांची कॉलेजात शिकणारी लेक प्रेमलता म्हणाली, मला नाटकात काम करायचंय. कृष्णरावांनी छताकडे पाहिलं. दादासाहेबांनी ओसरीवरून फैसला सुनावला, "घरची बाई रोज सोबत जाऊन तिथं बसेल, तर परमिशन. नाही तर बात खतम."

ते निश्चिंत होते. या घरची बाई देवळापलीकडे कधी गेली होती? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आनंदीबाई शाल पांघरून लेकीबरोबर टांग्यात बसल्या. अट दादासाहेबांचीच, आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

नाटक बसवणारे शरच्चंद्र सर हरखूनच गेले. मागच्या वर्षीची त्यांची नायिका म्हणजे दुसऱ्या वर्षाचा लक्ष्मण; मिशी काढायला लावली म्हणून तो महिनाभर रुसला होता. "काकीसाहेब," सर म्हणाले, "तुम्ही फक्त समोर बसा. बाकी आम्ही देखून घेऊ." आनंदीबाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या आणि कापसाच्या वाती वळू लागल्या. ही खबर गल्लीगल्लीत पोचली. "जयसिंगरावांच्या घरची बाई बसते ना तिथं? मग जा," असं म्हणत आणखी चार घरांनी मुली पाठवल्या. वाती वळता वळता आनंदीबाईंना सगळ्यांची भाषणं पाठ झाली. कुणी अडखळलं की नुसती मान हलवत, आणि पोरींना धीर येई. आपल्या मान हलवण्याला एवढी किंमत आहे हे त्यांना घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पहिलं नाटक झकास झालं. सियागंजात किराणा घ्यायला गेलेल्या दादासाहेबांना दुकानदारच म्हणाला, "आपकी भतीजी ने तो कमाल कर दिया, साहब!" दादासाहेबांनी मिशीवर हात फिरवला आणि दुसऱ्या नाटकाला जायचं ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. फेटा बांधण्यात वेळ गेला आणि निघायला उशीर झाला.

रंगमंचावर ऐन भरातला प्रवेश चालू होता. नायिका बापाला ठणकावत होती, "माझं आयुष्य माझं आहे, मी कुणाच्या धाकानं..." आणि दारातून ओळखीचं खाकरणं आलं. दादासाहेबांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. आत बायका बसल्यात म्हटल्यावर ते सवयीनं खाकरले.

प्रेमलताचं वाक्य तिथंच तुटलं. लहानपणापासून त्या आवाजासरशी आईच्या मागं आत पळायची सवय. पोरगी पदर सावरून थेट विंगेकडे वळली. नाटकातला बाप तोंड उघडं टाकून उभा राहिला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

इकडे आनंदीबाईही खुर्चीतून निम्म्या उठल्या होत्या. पाय आपसूकच उठले. तेवढ्यात त्यांनी लेकीची पाठ पाहिली. ही आज आत गेली तर पुन्हा बाहेर यायची नाही. तिसरं नाटक गेलं, आणि त्या चार घरांच्या मुलीही गेल्या. थोरले दीर मागं उभे होते, सगळं सभागृह ऐकत होतं. आनंदीबाई परत खुर्चीवर बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रेमा, फिर मागं! पुढचं बोल!"

प्रेमलता वळली. आईकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि वाक्य पहिल्यापासून म्हटलं. असं म्हटलं, की टाळ्या थांबेनात.

खेळ संपल्यावर दादासाहेब रंगपटाच्या दाराशी आले. मुली एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. शरच्चंद्र सरांनी मनातल्या मनात लक्ष्मणाची मिशी पुन्हा काढली. आनंदीबाई मात्र आत गेल्या नाहीत.

"प्रेमा," दादासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "आईला सांग, भर सभेत माझ्यासमोर तोंड उघडलं तिनं."

त्यांनी फेटा सारखा केला.

"आणि हेही सांग, की बरोबर केलं. तू मैदान सोडून पळत होतीस. आपल्या घराण्यात आजवर कुणी पळालं नाही. आज मी असून उपयोग नव्हता, तिनं लाज राखली."

आनंदीबाईंनी निरोपाची वाट पाहिली नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दिराच्या चेहऱ्याकडे पाहून बोलल्या, "तिसऱ्या नाटकाला वेळेवर या, दादासाहेब. पडदा उघडल्यावर आलात तर दारातच थांबावं लागेल."

जन्मभर हुकूम देत आलेला तो माणूस ताठ उभा राहून म्हणाला, "जी."

टांग्यातून परतताना प्रेमलता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आनंदीबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला होता. थोडा लेकीचा, आणि खरं सांगायचं तर बराचसा स्वतःचा.