तळ्याचा हात झाला

बुरुल माझ्याकडे शिकत होती तेव्हा मोजमापात पक्की आणि शुद्धलेखनात कच्ची. आता ती पन्नाशीला आली. हिमनदीखालच्या तळ्याची पातळी वाचायचं काम आधी तिच्या वडिलांकडे होतं, आता तिच्याकडे आहे. रोज सकाळी खिशात कुरुतचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, चार खडे टाकून ती घोड्यावरून वर जाते, रोवलेल्या पट्टीवरचा आकडा बघते आणि दुपारी गावच्या कचेरीतल्या संगणकात घालते. तीच फाइल जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून कुबात तिकडे उघडतो. तारीख आपोआप बदलते; आकडा मात्र हाताने घालावा लागतो. तो दोनशेला पोचला की गाव रिकामं करायचं.

तळ्यातून गावात उतरणाऱ्या ओढ्याकडे बोट दाखवून तिचे वडील म्हणत, "ओढा ओरडतोय तोवर झोपा. गप्प झाला म्हणजे पाणी वर तुंबलंय; पळा."

जूनच्या सुरुवातीला जिल्ह्याहून एक माणूस येऊन संगणकावर नवी प्रणाली चढवून गेला. दुसऱ्या दिवसापासून फाइल सेव्ह होईना. ‘फक्त वाचण्यासाठी’ असं पडद्यावर यायचं. बुरुलने संगणक बंद करून चालू केला, फाइल मिटून उघडली. तेच. शेवटी त्या माणसाला फोन केला.

"नवी फाइल करा न् तेच नाव द्या, एजे," तो मोठ्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाला. "सोपं आहे."

तिने दिलं. संगणकाने काही कुरकुर केली नाही.

नवव्या दिवशी ती माझ्याकडे आली. मला ती अजूनही ‘आगाय’, म्हणजे गुरुजी, म्हणते. पुढ्यातला चहा तसाच गार झाला.

"आगाय, माझे डोळे गेलेत का बघा. रोज वाढ लिहितेय. आज एकशे शहाण्णव. तिकडून हूं नाही की चूं नाही."

"फोन केलास?"

"केला. कुबात म्हणतो, एजे, तुमचं तळं नव्या सुनेसारखं गुणी आहे. एकशे चाळीसवर मान खाली घालून बसलंय."

आम्ही कचेरीत गेलो. पडद्यावर दोन फायली शेजारी शेजारी होत्या. मी चष्मा लावला. आमच्या भाषेत तळ्याला ‘क्योल’ म्हणतात. लिहिताना त्यातल्या ओच्या पोटात एक आडवी रेघ असते. रेघ गेली की ‘कोल’ होतं, म्हणजे हात. एका नावात रेघ होती. दुसऱ्यात नव्हती.

"बुरुल, हा हात कुणाचा?"

तिने कळफलकाकडे पाहिलं. "रेघेचं अक्षर नव्या प्रणालीत उमटतच नाही. मग साधा ओ मारला. मोबाइलवर सगळं गाव तसंच लिहितं, आगाय. कळतं की सगळ्यांना."

"माणसांना कळतं."

ती खाली बसली. "याच रेघेपायी तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत."

"दोनदा," मी म्हणालो.

तिने फोन लावला. "कुबात, बाळा, ती फाइल मीट. शेजारी ‘हात’ आहे, तो उघड."

तिकडून माउसची टिकटिक ऐकू आली.

"एजे, हे आजचं आहे?"

"सकाळचं."

"मग आत्ता किती असेल?"

बुरुल डोक्याला रुमाल बांधत होती.

चार वाजेपर्यंत गाव गाद्या-गोधड्या, मेंढ्या घेऊन कबरस्तानाच्या चढावर आलं. बुरुल घरोघर फिरली. यादी तिने कुठेच लिहिली नाही, बोटांवर मोजली. शेवटी काखेत कोंबडी घेऊन शेवटच्या घरातली म्हातारी आली, वाटभर बुरुलला शिव्या घालत.

"एकशे बारा," बुरुल म्हणाली. "सगळे आले, आगाय."

म्हातारी मध्येच थांबली. मेंढ्यांनी माना वर केल्या. मी कानामागे हात धरून खाली ऐकलं.

ओढ्याचा आवाज येत नव्हता.