गोळी लागलेला मांदर

पुरानी बस्तीत माझं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात एक माणूस बस्तरहून मांदर घेऊन आला; तो त्याला त्याच दिवशी दुरुस्त करून हवा होता. त्या लांबट ढोलाच्या लाकडात गोळीचं भोक होतं. बाहेर मोटारसायकल थांबली की तो बोलता बोलता गप्प व्हायचा.

बायको आतून हळूच म्हणाली, "याचं काम काहून घेतलं तुम्ही?"

मलाही त्याच्याबद्दल शंका होती. मी त्याला विचारलं, "ढोलाची एवढी घाई कशाला?"

"गोळीबारात उठलेलं गाव पुन्हा वसलं, भैया," तो हिंदीत म्हणाला. "पण लोक एकमेकांशी बोलत नाहीत. उद्या गावात नाच आहे, आणि नाचात मात्र शेजारच्याच्या कमरेत हात घालावाच लागतो."

"तुमच्या शेजारी कोण उभं राहणार?"

तो चामड्यावरून बोटं फिरवत राहिला. "ज्याच्या भावाला मी घरातून बोलावून नेलं, तो. भाऊ परत आला नाही."

"आणि तो तुमच्यासोबत नाचेल?"

"हा ढोल त्याचाच आहे. त्यानंच मला पाठवलं."

खरं की खोटं, मला कळेना. ढोलाची चामड्याची वादी आवळताना मी त्याला दुसरं टोक धरायला सांगितलं. त्यानं ते घट्ट धरलं. काम संपेपर्यंत माझी नजर त्याच्या हातांवरून हटली नाही.