न वळलेले नर

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. निरोपसमारंभातल्या भाषणात टाळली, घरी बायकोपाशीही टाळली. आता लिहून टाकतो.

मी बोईसरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. एकदा जवळच्या दांडी गावाहून एक कोळीण लोणच्याच्या बरणीत खाडीचं पाणी घेऊन आली. त्या हंगामात जाळ्यात जवळा, ती बारीक कोळंबी, लागत नव्हता. कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल अधिकाऱ्यांसमोर गावाची बैठक होती आणि त्यासाठी तिला माझ्या सहीचा कागद हवा होता.

"जवळा मेलेला नाय दिसत, सर. तो येतच नाय. मेला असता तं टोपलीभर आणून दाखवला असता."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तशी ती हसली. "एकाच डोळ्यानं बघता तुमी? मग अर्धंच दिसंल."

जवळा तबकडीत तपासणं अवघड, म्हणून मी त्याचे बारीक भाईबंद घेतले, तांदळाच्या कणीहून लहान. त्यांची मादी पोहताना पाण्यात वासाचा माग सोडते. नर त्या मागाला लागला की गर्रकन वळतो आणि तिच्याच वाटेनं, तिच्या सगळ्या वळणांसकट, तिला गाठतो. हे मी दरवर्षी वर्गात दाखवायचो.

तिच्या पाण्यात नर सरळ निघून जात होते. मादी नुकतीच जिथून गेली, तिथूनच. तीन दिवस पाहिलं. सगळे धडधाकट होते, पोहत होते. वळत मात्र कुणी नव्हतं, म्हणजे पुढची पिढीही होणार नव्हती.

तपासणीच्या छापील तक्त्यात दोन रकाने होते, जिवंत आणि मृत. मी 'सर्व जिवंत' लिहून सही केली. खाली शेऱ्याची जागा होती. ती कोरी ठेवली. माझा मुलगा औद्योगिक वसाहतीत नुकता कामाला लागला होता.

बैठकीत अधिकाऱ्यांनी तोच कागद तिला वाचून दाखवला. तक्रार तिथेच मिटली.

निवृत्तीनंतर एकदा दांडीला गेलो. ती सुकट निवडत बसली होती. "या सर. ती डोळा लावायची नळी नाय आणली आज?" म्हणाली आणि जवळ्याची पुडी माझ्या हातात ठेवली. "आमचा नाय हा. बाहेरून आणून विकतो आता."

पुडी घेतली, "येतो" म्हणालो आणि निघालो. पुढच्या वर्षी ती गेल्याचं कळलं.

ताई, जवळ्याबद्दल तुमचं खरं होतं. पण मला अर्धं नव्हतं दिसलं. सगळं दिसलं होतं, मी लिहिलं नाही. मला माफ करा.