पेटी सुटल्यावर

आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा मान आमच्या घराचा. वडील गेल्यावर पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ती माझ्यापुढे सरकवली आणि मी तीस वर्षं वाजवली. श्रीरामपूरजवळच्या वस्तीवरून दर रविवारी वेळेआधी हजर. उसाला पाण्याची पाळी असली तरी खाडा नाही. लोक म्हणायचे, काय भक्ती! खरं सांगायचं तर भक्तीबिक्ती काही नव्हती, वडिलांचं नाव जाईल ही धास्ती होती. प्रवचन सुरू झालं की माझी डुलकी ठरलेली.

गेल्या वर्षी कॅनॉलच्या पुलावर मोटारसायकल घसरली आणि उजवा हात मोडला. मागून आलेला ट्रक डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेला. हाताला प्लास्टर चढलं. पेटीवर मंडळीतल्या शिंप्याची सून बसली आणि झकास वाजवू लागली.

"ऱ्हावा आता घरीच. कोन इचारनार हाय?" बायको म्हणाली.

खरंच कोणी विचारलं नाही. तीन रविवार मी खाटेवर मजेत लोळलो. पण तो ट्रक डोळ्यांपुढून हलेना. वाचलो, तर देवाचे आभार मानावेत असं फार वाटायचं, आणि मानायला बसलो की शब्द फुटायचा नाही. चौथ्या रविवारी मीच बायकोकडे धुतलेला सदरा मागितला.

पेटी हाती आल्यापासून पहिल्यांदाच सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसलो. गीत सुरू झालं आणि माझी फजिती झाली. सूर सगळे पाठ, पण पहिल्या ओळीपुढचे शब्दच येईनात! तीस वर्षं नजर पेटीच्या पट्ट्यांवर. तोंड कधी उघडलंच नव्हतं.

शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "आं? तुमालाबी पुस्तक लागतं व्हय?"

लाजलो, तरी ओळीवर बोट ठेवून गायलो. देवानं मरणातून वाचवल्याचं ते गीत. शेकडो वेळा वाजवलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. मला हवे होते ते आभाराचे शब्द तिथेच होते.

प्लास्टर निघालं तेव्हा पाळक म्हणाले, पेटी घ्या. मी म्हटलं, सूनबाईलाच वाजवू द्या. मी रुसलो असं गावभर झालं. घराण्याचा मान घालवला म्हणून भावकीनं तोंड फिरवलं.

आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला देवाबद्दल सांगायचं तो उठून सांगतो. मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो. पुढच्या रविवारी भावकीसमोर ताठ मानेनं उठलो.

"मी रुसलो न्हाई. पेटी हुती तवा मला यावंच लागायचं. आता हितं माझं काई काम न्हाई, कुनी वाटबी बघत न्हाई. तरी मी येतो. एवढीच माझी साक्ष."