शेपूट कापलं अन् करंट वाढला

माझी थोरली बहीण, अक्का, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उन्हापासून वीज करणाऱ्या प्लास्टिकवर संशोधन करायची. घाटनांदूरला आमचं किराणा दुकान. वडिलांना, म्हणजे अण्णांना, त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना ते हमखास ऐकवत, "आमची पोर उन्हाची वीज करती." ऊन रग्गड आणि वीज बेपत्ता, अशा आमच्या गावात या वाक्याला मान होता.

मोबाईल अजून पुढाऱ्यांच्याच खिशात होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. अक्का कावीळ होऊन घरी आली होती. पडल्या पडल्या तिनं मला तिचं काम समजावलं. फुलरीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ गोळा. प्लास्टिकवर ऊन पडलं की सुटणारा इलेक्ट्रॉन हा गोळा उचलतो आणि शेजारच्या गोळ्याकडे देतो. पण नुसता गोळा प्लास्टिकमध्ये नीट मिसळत नाही, बिघडलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. म्हणून त्याला अणूंची एक साखळी जोडायची. प्रयोगशाळेत सगळे तिला शेपूटच म्हणत. शेपूट लांब केलं की गोळा छान मिसळतो, पण गोळे एकमेकांपासून दूर राहतात आणि वीज अडते. किती लांब ठेवायचं, हाच सगळा खेळ.

अक्कानं जरा आखूड शेपटाचा नवा रेणू बनवला होता. त्याचा उन्हावर चालणारा सेल करून वीज मोजायच्या आतच ती आजारी पडली आणि ते काम सोबत्यांवर आलं. हा फसला तर विषय बंद, असं तिच्या सरांनी सांगून टाकलेलं. अण्णांनी तर जवळच्या केजच्या कॉलेजात तिच्या नोकरीचं बोलूनही ठेवलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढ्या हुशार पोरीला परत आणायची घाई कशाला?

एका दुपारी शेजारचे एसटीडी बूथवाले काका धापा टाकत दुकानात आले.

"अण्णा, पुन्याहून निरोप हाय. अक्काला सांगा म्हनले, शेपूट कापलं अन् करंट वाढला!"

अण्णांचा चेहरा पडला. "आरं देवा! कुनाची म्हैस? तारंला चिकटली का?"

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. अक्का मात्र ताडकन उठली आणि भिंत धरत धरत बूथवर निघाली. मागे मी, माझ्या मागे अण्णा. दुसरी कुणी असती तर आनंदानं ओरडली असती. हिनं फोन लागल्याबरोबर विचारलं, "दुसऱ्या सेलवर परत मोजलं का? गुठळ्या दिसल्या का?" अंगात ताकद नाही, डोळे पिवळे, आणि प्रश्न हे! मला तिच्या पायाच पडावंसं वाटलं. उत्तर ऐकून ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली.

अण्णा घाबरले. "वाचली न्हाई का गं?"

"म्हैस न्हाई हो अण्णा. माझा रेणू. सगळ्यात चांगला निघाला."

अण्णांनी तिच्या हातातला फोन घेऊन केजला लावला.

"ती जागा दुसऱ्या कुनाला द्या," ते म्हणाले. "आमची पोर येत न्हाई."