तासाला एक अंश

आमचे शेजारी बॉयलरसाहेब कधीच साहेब नव्हते. तीस वर्षं त्यांनी कारखान्याचा बॉयलर सांभाळला. निवृत्तीनंतर घरात सांभाळण्याजोगं उरलं ते सुनेचं मत्स्यालय, आणि त्यात लुडबुड करायची नाही अशी तिची सक्त ताकीद होती.

एका रणरणत्या दुपारी त्यातलं पाणी तेहतीस अंशांवर गेलं. सहाही मासे वर येऊन तोंड वासू लागले. सून बर्फ घेऊन धावली, तर साहेब आडवे आले!

"बाबा, सरका! मरतील ते!"

"बर्फानं आधी मरतील. तापलेल्याला दचकवायचं नसतं, पोरी. त्यानं लोखंड तडकतं, हे तर मासे."

त्यांनी झाकण काढलं, दिवा मालवला, टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडला आणि थर्मामीटरसमोर खुर्ची टाकली. तासाला एक अंश. त्याहून घाई नाही. नजर न हलवता घेतलेला चहा थोडा सदऱ्यानंही घेतला.

सातला पाणी अठ्ठावीसवर आलं आणि सहाही मासे खाली जाऊन हुंदडू लागले.

तेवढ्यात सुनेच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचेही मासे धापा टाकत होते.

"बर्फ अजिबात नको! थांब, आमच्या बाबांना देते. त्यांना यातलं सगळं कळतं."

फोन घेण्यापूर्वी साहेबांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.